टेकडी कुणाची?

इंग्लंडच्या हीथलँड गोल्फची वारी आखणाऱ्याच्या यादीत सनिंगडेल आणि वॉल्टन हीथ असतातच. वाळूची, पाणी झरझर जिरवणारी जमीन आणि ऑगस्टमध्ये जांभळं होणारं हेदर, हे त्यांचं वैभव. जाणकार त्यांच्यासोबत वेब्रिजजवळचं सेंट जॉर्जेस हिल हमखास सुचवतात. हॅरी कोल्टनं आखलेलं हे मैदान 1913 साली खुलं झालं.

याच टेकडीवर एप्रिल 1649 मध्ये काही गरीब माणसं कुदळी घेऊन आली आणि त्यांनी गाजरं, घेवडा पेरला. त्यांचा म्होरक्या जेरार्ड विन्स्टॅन्ली. बायबलचा आधार घेऊन तो विचारत होता, की देवानं पृथ्वी सगळ्यांसाठी निर्मिली, तर तिला कुंपण घालण्याचा हक्क कुणालाही मिळाला कुठून? उत्तर म्हणून मार मिळाला, कोर्टाची बोलावणी आली. ऑगस्टपर्यंत त्यांना तिथून हुसकावलं गेलं.

आज तिथं धनिकांची बंदिस्त वसाहत आहे. दैवानंही काय थट्टा करावी! अर्थात एक मान्य करायला हवं: गुरं चरायची थांबली की हीथवर झाडी माजते, आणि गोल्फ क्लबांनी बरंच हीथ राखलं. पण राखणदारी म्हणजे मालकी नव्हे. विन्स्टॅन्लीचा प्रश्न तेवढ्यानं निकालात निघत नाही.

टी टाइम ठरवताना थोडा वेळ हाताशी ठेवा. वेब्रिज स्टेशनजवळ विन्स्टॅन्लीचा स्मृतिदगड आहे.