पाचवं कारण (गीता 18.14)

कोणतंही काम घडायला पाच कारणं लागतात, असं भगवंत इथे सांगतात: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना चेष्टा आणि पाचवं दैव.

जुना फ्लॅट विकून नवा घेताना हे फार पटतं. खरेदीदाराचं लोन अडकतं, सोसायटीची एनओसी लांबते, नोंदणीच्या दिवशीच सर्व्हर डाउन! (सर्व्हरवाल्यांबद्दल मी काय बोलणार?) इकडे बिल्डरच्या हप्त्याची तारीख जवळ येते, झोप उडते, घरात चिडचिड होते. सोळाव्या श्लोकात भगवंत स्पष्टच म्हणतात, जो फक्त स्वतःलाच कर्ता मानतो त्याला खरं दिसत नाही.

मग हातावर हात ठेवून बसायचं? छे, चेष्टाही त्या पाचांत आहेतच. उद्या बँकेत फोन करा, सेक्रेटरीकाकांना भेटा. खरेदीदारावर मात्र आवाज चढवू नका. त्याचं लोनही एकट्या त्याच्या हातात नाहीये.