श्रावण पाळला, पण मनाने?



आजचा श्लोक गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला, सहावा. भगवान म्हणतात, हातपाय आवरून बसलेला माणूस मनात मात्र त्याच विषयाची उजळणी करत असेल, तर तो स्वतःलाच भुलवतोय. अशा वागण्याला त्यांनी 'मिथ्याचार' म्हटलंय.

हॉस्टेलवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "मी श्रावणात थेंबही घेत नाही, म्हणजे माझं सगळं कंट्रोलमध्ये आहे." महिनाभर न पिणं चांगलंच, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण एवढा पुरावा पुरतो का? गटारीला महिन्याचा कोटा एका रात्रीत संपवला आणि मग श्रावण सरायला किती दिवस उरले ते बोटांवर मोजत बसलो, तर बाटली बंद होती, मन मात्र तिच्यापाशीच होतं.

दुसरी पळवाट तुलनेची. "रूममेट माझ्यापेक्षा जास्त पितो." अरे, त्याच्या ग्लासाने आपलं माप कसं निघणार?

मग स्वतःला तपासायचं कसं? जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची 10 प्रश्नांची चाचणी आहे. प्रत्येक उत्तराला 0 ते 4 गुण, एकूण 40. बेरीज 8 किंवा जास्त आली, तर पिणं धोक्याकडे झुकलंय असं समजतात. किती वेळा घेता, एका बैठकीत किती, हे त्यात आहेच. शिवाय, सुरू केल्यावर थांबता आलं नाही असं झालं का? पिण्यापायी ठरलेलं काम राहिलं का? आदल्या रात्रीचं काही आठवेना, असं झालं का? कुणी काळजीने "कमी कर" म्हणालं का?

या परीक्षेत विद्यार्थी तुम्ही आणि परीक्षकही तुम्हीच. दोन पेग लपवले तर कुणाला कळणार? सहाव्या अध्यायात भगवंतांनी सांगितलंय, माणूस स्वतःचा मित्र असतो आणि शत्रूही. खरा आकडा लिहायला लावतो तो मित्र. "एवढं काय त्यात" म्हणत आकडा खाली ओढतो तो दुसरा.

आकडा मोठा आला तर देवापासून तोंड लपवू नका. दुखणं कळलं की उपाय सापडतो. कॉलेजचे समुपदेशक, डॉक्टर किंवा सरकारची टेलिमानस हेल्पलाइन 14416, कुणाशी तरी बोला. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र जोशात एकदम बंद करू नये. हात थरथरणं, झटके येणं असा त्रास होऊ शकतो, म्हणून आधी डॉक्टरांना विचारा.

आजची साधना छोटी आहे. संध्याकाळी दिवा लावला की 10 मिनिटं कागद-पेन घेऊन बसा. मागच्या वर्षभराचं खरं खरं लिहा. देवाला तो आकडा आधीच ठाऊक आहे. आज तो स्वतःला सांगायचाय.

राम कृष्ण हरी 🙏