फळीतला नाद

१९४० च्या सुमारास लेस पॉल हा अमेरिकन वादक न्यूयॉर्कच्या एपिफोन गिटार कारखान्यात सुट्टीच्या दिवशी जाऊन एक ओंडका तासत बसे. चार बाय चार इंचांचा पाइन लाकडाचा भरीव तुकडा, त्याला गिटारची मान, वर तारा आणि स्वतः बनवलेले पिकअप. पोकळ गिटारीत तारेचं कंपन लाकडात उतरतं आणि तार लवकर विझते. भरीव लाकूड तिच्याकडून फारसं काही घेत नाही, म्हणून ती कितीतरी वेळ वाजत राहते. वाद्य झकास होतं, पण श्रोत्यांना ते पटेना. मग पॉलने एक गिटार उभी कापली आणि तिच्या दोन बाजू ओंडक्याला दोन्हीकडून जोडल्या. आवाजात त्यांचा काडीचाही वाटा नव्हता; गिटार मात्र आता गिटारसारखी दिसू लागली आणि टाळ्या पडल्या.

आवाज त्या पोकळीत नव्हताच, तर मग होता कुठे?

आपल्याकडे मीमांसक आणि नैयायिक या दोन दर्शनांच्या पंडितांत या प्रश्नावर शतकानुशतकं कडाक्याचं भांडण झालं आहे. मीमांसकांच्या मते शब्द नित्य. कंठ, ओठ, वारा ही केवळ त्याला प्रकट करणारी साधनं. दिवा लावला की घडा दिसतो, म्हणून दिव्याने घडा घडवला असं होत नाही. नैयायिकांना हे साफ अमान्य. आघात झाला की शब्द उपजतो, एका लहरीतून दुसरी निघत कानाशी येतो आणि संपतो. तो केलेला आहे, म्हणूनच अनित्य आहे. वाद कोरडा वाटेल, पण त्यात वेदच पणाला लागले होते. शब्द उपजणारा ठरला तर वेदांनाही कोणीतरी कर्ता मानणं आलं. (मीमांसकांचा दावा वर्णांपुरता होता, ढोलाच्या ध्वनीची वकिली त्यांनी घेतली नव्हती. तरीही इलेक्ट्रिक गिटारसमोर त्यांना उभं करण्याचा मोह आवरत नाही.)

साक्षीला घ्यायची ती ब्रिटिश गिटारवादक ब्रायन मे यांची गिटार. लंडनच्या पश्चिमेला फेल्टममध्ये राहणाऱ्या सोळा वर्षांच्या ब्रायनने १९६३ मध्ये वडील हॅरॉल्ड यांच्याबरोबर ती बनवायला घेतली, कारण विकतची परवडत नव्हती. मान जुन्या शेकोटीवरच्या महोगनी लाकडाची. त्याला कीड लागलेली, ती भोकं काड्यापेटीतल्या काड्यांनी बुजवली. धडासाठी जुन्या टेबलाचं ओक. सूर हलवण्याच्या यंत्रणेला मोटारसायकलच्या इंजिनमधल्या स्प्रिंगा, तिच्या दांडीच्या टोकाला आईची विणायची सुई, पट्ट्यांवरच्या खुणांसाठी आईच्याच शिंपल्याच्या गुंड्या. घरी गुंडाळलेले पिकअप मात्र फसले. तार बाजूला ओढली की ते खरखरत, शेवटी बर्न्स कंपनीचे आणावे लागले. हे सगळं उरकायला सुमारे दोन वर्षं गेली. पुढे हीच गिटार ‘क्वीन’ या रॉक बँडमध्ये गायक फ्रेडी मर्क्युरींच्या शेजारी वाजली. ते पाचगणीच्या शाळेत शिकलेले. तेवढा आपला हक्क.

या यंत्राच्या पोटात काय घडतं ते पाहिलं की वाद रंगतो. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार हलली की वेढ्यांत क्षीण वीज उमटते. पिकअपला ऐकू काहीच येत नाही, त्याला फक्त पोलादाची हालचाल कळते. आतड्याची तार लावली तर तो मुका. वायरमधून जे ॲम्प्लिफायरकडे जातं त्यात तर आवाजाचा लवलेश नाही. शब्द आहेच, फक्त अप्रकट आहे, असं मीमांसक खुशीत म्हणेल. नैयायिक वायरला कान लावून दाखवेल.

घरी व्हॉल्व्ह ॲम्प बांधणारे बरेच जण फेंडर कंपनीच्या ‘चॅम्प’चं पन्नासच्या दशकातलं सर्किट धरतात. एक लहान व्हॉल्व्ह, एक पॉवरचा, एक विजेचा प्रवाह एकदिश करणारा. निघतात जेमतेम ५ वॅट. आत मात्र तीनशेहून जास्त व्होल्ट खेळत असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर चार्ज धरून बसतात, त्यामुळे हा छंद वेदान्ती बेफिकिरीने करण्यासारखा नाही.

आवाज लहान ठेवला तर ॲम्प दिव्याची भूमिका इमानाने करतो. जे आलं तेच मोठं करून दाखवतो. आवाज वाढवत नेला की एका टप्प्यावर व्हॉल्व्हची ताकद संपते आणि लहरींचे शेंडे चपटे होऊ लागतात. चपट्या लहरीत असे उपस्वर असतात जे तारेत नव्हतेच. २०० आणि ३०० हर्ट्झचे दोन स्वर एकत्र छेडले तर १०० आणि ५०० हर्ट्झचेही ऐकू येतात. कोणत्याही बोटाने ते छेडलेले नसतात. इथे प्रकट करण्याची भाषा लंगडी पडते. १९६४ मध्ये ‘द किंक्स’ या बँडच्या डेव्ह डेव्हिस यांनी ब्लेडने स्पीकरचा कागद चिरून जो फाटका आवाज मिळवला, तो आधीपासून कुठे अस्तित्वात होता असं म्हणायला फार मोठी श्रद्धा लागेल.

इंजिनिअर याला दोष म्हणतात. मिरजेचे सतारमेकर असा शेरा मारताना विचार करतील, कारण त्यांचं सगळं कसब तारेला अडखळवण्यात आहे. तंबोऱ्याची घोडी सपाट-वक्र घासायची, तारेखाली सूत सरकवायचं, तार घोडीला ओझरती शिवत राहिली पाहिजे. मग जवारी, म्हणजे तंबोऱ्याची ती झणझण, खुलते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये वीणा आणि तंबोऱ्यावर लिहिताना एक विचित्र गोष्ट टिपली. नियमाप्रमाणे तार ज्या बिंदूवर छेडली तर एखादा उपस्वर उमटूच नये, तिथे छेडूनही या वाद्यांत तो ठणठणीत ऐकू येतो. कर्ती ती घोडी. तिला नुसतं साधन म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे.

नैयायिकांनी मात्र एवढ्यात पेढे वाटू नयेत. मे यांना फीडबॅक हवा होता म्हणून गिटारच्या धडात मुद्दाम पोकळ्या ठेवल्या गेल्या. वादक ॲम्पसमोर उभा राहतो, स्पीकरचा नाद हवेतून येऊन तारेलाच हलवतो, तार पुन्हा स्पीकरला. कार्य कारणाला जन्म देत राहतं आणि आघात कधी झाला होता हेही विसरायला होतं. आघातापासून शब्द मोजणाऱ्याने इथे मोजणी कुठून सुरू करायची?

मीमांसकांचं ठेवणीतलं अस्त्र प्रत्यभिज्ञेचं. दहा तोंडांतून ‘ग’ आला तरी आपण ‘हाच तो ग’ म्हणून ओळखतो, म्हणजे तो एकच. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेग फ्रायर यांनी नव्वदच्या दशकात मे यांच्या गिटारच्या हुबेहूब प्रतिकृती बनवल्या. लाकूड वेगळं, हात वेगळे. तरी त्या छेडल्या की जाणकार मान डोलावून म्हणतो, हाच तो आवाज. यावर नैयायिक आणि बौद्ध, एरवी एकमेकांचे वैरी, एकच जुनं उदाहरण पुढे करतात: कापलेले केस पुन्हा वाढले की लोक ‘तेच केस’ म्हणतात, असतात ते नवे. ब्रायन मे यांच्या डोक्यावरचं जगप्रसिद्ध कुरळं रान पाहता, प्रतिवादीला याहून सोयीचा दाखला मिळणं कठीण.