शनवार तेल्यांची शाळा

मावळातल्या सुदुंबऱ्याची ओळख संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीमुळे आहे. चाकणचे हे तेली तुकोबांचे टाळकरी झाले आणि त्यांचे अभंग लिहून ठेवू लागले. गाथा इंद्रायणीत गेली तेव्हा लोकांच्या ओठांवरचे अभंग पुन्हा कागदावर आणण्यात संताजींचा मोठा वाटा होता, असे परंपरा सांगते. दुसऱ्याचे बोल आपले मानून जपणे, हे संताजींचे मला सर्वांत मोठे वाटणारे काम. राज्यभरातला तेली समाज सुदुंबऱ्याला येतो. घाट उतरून रायगड जिल्ह्यात गेले की तेल्यांचीच आणखी एक जुनी कहाणी भेटते. ती सांगणारे मात्र आता फार थोडे उरले आहेत.

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे वंशज म्हणजे आपण, असे बेने इस्रायली ज्यू पिढ्यानपिढ्या सांगत आले. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून ते शनवार तेली. सोमवारी घाणा बंद ठेवणारे सोमवार तेलीही होतेच. एकाचा शंकराचा वार, एकाचा सब्बाथ. गावाला त्यात खटकण्यासारखे काही दिसले नाही. युरोपात ज्यूंना गावाबाहेर काढले जात होते, त्यांच्या वस्त्या जाळल्या जात होत्या, त्या शतकांत हे लोक किहीम, दिवे, राजपुरी अशा गावांची नावे आडनाव म्हणून लावत होते.

पण शेजारी छळत नाहीत म्हणून आपण कोण आहोत हे आपोआप कळत नाही. समुद्राने तोडलेल्या या समाजाकडे हिब्रू फारशी उरली नव्हती. ती परत मिळाली, तीही मिशनऱ्यांच्या हातून. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्रायली मुले मिशनच्या शाळांत गेली, मराठी, इंग्रजी आणि हिब्रू शिकली आणि बहुतेक सगळी ज्यूच राहिली. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी पुढे हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. १८८० च्या सुमारास बेने इस्रायलींनी कीर्तन उभे केले. आख्यान अब्राहामाचे किंवा योसेफाचे, साज हरिदासी कीर्तनाचा. तुकोबांच्या मराठीत आपला धर्म सांगता येतो, हा विश्वास त्यामागे होता. मला त्या विश्वासाचे फार अप्रूप वाटते.

शिकलेल्या पहिल्या पिढीला मग पुढचा प्रश्न पडला: आपण शिकलो ते परक्यांच्या शाळेत, आपल्या मुलांनी कुठे शिकायचे? हाईम सॅम्युअल किहीमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत भाऊ आणि स्नेह्यांच्या मदतीने इस्रायली शाळा काढली. तिथे इतर विषयांबरोबर हिब्रूही होती. ‘बेने इस्रायलींचा इतिहास’ हे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८९७ मध्ये लिहून झाले, पण छापले गेले १९३७ मध्ये, तेल अवीवला. किहीमकरांच्या मनात कोणत्या द्वेषाला उत्तर देण्याचा विचार होता असे मला वाटत नाही. मुलाला स्वतःची ओळख असली पाहिजे, एवढेच त्यांना हवे होते. बेने इस्रायलींना सोसाव्या लागलेल्या अवहेलनेत मोठा वाटा त्यांच्याच धर्मबांधवांचा होता. मुंबईतल्या बगदादी ज्यूंनी १८३६ मध्येच दफनभूमीत दोन समाजांमध्ये भिंत घालण्याची मागणी केली होती.

पुढचे पाऊल बायकांनी टाकले आणि ते पुण्यातून पडले. जेरुशा झिराड आणि रिबेका रुबेन या दोघी हुजूरपागेच्या विद्यार्थिनी. १९०५ च्या मॅट्रिकला रिबेका मुंबई विद्यापीठात पहिल्या आल्या. मुलींमध्ये नव्हे, सगळ्यांत पहिल्या. डेक्कन कॉलेज आणि इंग्लंडमधले शिक्षण संपवून १९२२ मध्ये त्या किहीमकरांच्या शाळेच्या मुख्याध्यापक झाल्या आणि १९५० पर्यंत राहिल्या. एली कदुरी यांच्या देणगीमुळे तिचे सर एली कदुरी शाळा हे नाव पडले ते याच काळात. जेरुशाबाई डॉक्टर झाल्या, कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या आणि १९२५ मध्ये मुंबईत ज्यू रिलिजस युनियन स्थापण्यात पुढे होत्या. एका मराठी मुलींच्या शाळेने घडवलेल्या या दोघींनी आपले शिक्षण आपल्या समाजाच्या प्रार्थनेला आणि पाटीदप्तराला परत दिले. किहीमकरांची शाळा आपल्या मुलांपुरती होती. या दोघींच्या हाती ती कल्पना सर्वांसाठी खुली झाली, कारण कामा हॉस्पिटलच्या बाळंतकक्षात जात विचारली जात नव्हती.

तरीही इथे सगळे गोडच होते असे म्हणणे खरे नाही. बेने इस्रायली कवी निस्सीम इझिकेल यांचे वडील विल्सन कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत, आई शाळा चालवत. निस्सीम यांनी स्वतःच्या आयुष्यावर लिहिलेल्या कवितेत कॅथलिक शाळेतल्या मुलांनी ‘ख्रिस्ताला तुम्ही मारलेत’ असे सुनावल्याची आठवण आहे. युरोपातला तो जुना आरोप मुंबईतल्या एका वर्गात एका मुलाला ऐकावा लागला होता.

१९४८ नंतर हजारो बेने इस्रायली इस्रायलला गेले. तिथे मुख्य रब्बींनी १९६२ मध्ये त्यांच्या लग्नांसाठी वंशाची चौकशी लावली, तेव्हा हे शांत लोक जेरुसलेमला धरणे धरून बसले. १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेला दखल घ्यावी लागली, रब्बींना नियम बदलावा लागला. इथे मागे राहिलेल्यांची संख्या घटत गेली. २०११ च्या जनगणनेत भारतात साडेचार हजारांच्या आसपास ज्यू होते, त्यातले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात. राज्य सरकारने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. माझगावच्या कदुरी शाळेत आता बहुतेक मुले मुसलमान आहेत. मला यात ऱ्हास दिसत नाही. शाळा अजून शिकवते आहे.

अमेरिकेत हीच गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. हार्वर्डचे अध्यक्ष लोवेल यांनी १९२२ मध्ये ज्यू विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित ठेवण्याचा प्रस्ताव मांडला. १९२३ मध्ये इलिनॉय विद्यापीठात हिलेल ही ज्यू विद्यार्थ्यांची संस्था सुरू झाली, १९४८ मध्ये ब्रँडाइस विद्यापीठ निघाले. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासने इस्रायलवर हल्ला केल्यानंतर, विद्यापीठे ज्यूद्वेष रोखत नाहीत असे म्हणत, पेनसिल्व्हेनिया आणि हार्वर्डच्या धनाढ्य माजी विद्यार्थ्यांनी, त्यातले अनेक ज्यू, देणग्या रोखल्या. डिसेंबरात पेनच्या आणि जानेवारीत हार्वर्डच्या अध्यक्षांनी राजीनामे दिले. ज्यू मुलांची भीती खरी होती. गाझातल्या मृतांसाठी रस्त्यावर उतरलेल्या मुलांचा संताप हा सरसकट ज्यूद्वेष नव्हता, हेही खरे. पण पैसा रोखून विद्यापीठाला वाकवता येते, वर्गात बसलेल्या मुलाचे मन बदलता येत नाही. हिलेलच्या खोलीत शुक्रवारी संध्याकाळी परक्या मुलालाही जेवायला बोलावणारे विद्यार्थी मला अधिक दूरचे पाहणारे वाटतात.

आपल्याकडे तर द्वेषाला उत्तर द्यायला ज्यू विद्यार्थीच जवळपास नाही. २००६ मध्ये खारघरला हिटलरच्या नावाचे आणि स्वस्तिकाचे उपाहारगृह निघाले. मुंबईच्या ज्यूंनी आवाज उठवला आणि मालकाला नाव बदलावे लागले. दोन वर्षांनी मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात नरिमन हाउसमध्ये रब्बी गॅव्रिएल आणि रिव्हका होल्ट्झबर्ग मारले गेले. तो द्वेष बाहेरून आला होता. आतला प्रकार निराळा. हिटलरच्या आत्मचरित्राची मराठी भाषांतरे आपल्या पुस्तकांच्या दुकानांत सहज मिळतात, आणि ‘माणूस शिस्तीचा होता’ हे वाक्य आपल्या कॉलेजांत कौतुकाने बोलले जाते. बोलणाऱ्याच्या मनात ज्यूंविषयी वैर नसते, कारण त्याच्या डोळ्यांसमोर एकही ज्यू नसतो. त्याला किहीमचे किहीमकर माहीत नसतात. समोर ज्यू विद्यार्थी नसेल तर उत्तर द्यायचे कोणी? ज्यूंच्या शाळांत शिकलेल्यांनी, आणि ज्या शाळांत ज्यू शिकले तिथल्या मुलांनी. दीडशे वर्षांत ही जबाबदारी किहीमकरांकडून रिबेकाबाईंकडे आणि तिथून आता त्या समाजाबाहेरच्या माजी विद्यार्थ्यांकडे आली आहे. कदुरी शाळेतून बाहेर पडलेल्या मुसलमान मुलीला आपल्या मुख्याध्यापकांची ही परंपरा सांगितली गेली पाहिजे. आणि हुजूरपागेतल्या मुलींना जेरुशा व रिबेका या आपल्याच शाळेच्या, हे ठाऊक झाले, तर हिटलरच्या शिस्तीचे कौतुक वर्गात चालू असताना त्यांच्यातली एखादी उभी राहून बोलेल.