केल्पची ओळख देठावरून

ब्रिटनच्या खडकाळ किनाऱ्यांवर उधाणाच्या दिवसांत ओहोटी नेहमीपेक्षा खाली उतरली, की चामड्यासारख्या चिवट तपकिरी पट्ट्यांचा जो दाट थर उघडा पडतो, तो बहुधा लॅमिनारिया डिजिटाटा या केल्पचा असतो. केल्प ही थंड समुद्रांत वाढणारी मोठ्या आकाराची तपकिरी शैवाले असून कोकणच्या उष्ण पाण्यात ती आढळत नाहीत. त्यांना पाते, देठ आणि मुळे असल्यासारखे दिसते. परंतु खडकाला घट्ट धरून ठेवणारा मुळांसारखा भाग, म्हणजे आधारक, अन्नद्रव्ये शोषण्यासाठी नसतोच, ते काम मुख्यतः पाण्यात पसरलेले पाते करते.

नवख्याची नजर प्रथम जाते ती बोटांसारख्या चिरफाळलेल्या या पात्याकडे, आणि नेमके तेच लक्षण सर्वांत कमी भरवशाचे आहे. डिजिटाटाचेच पाते लाटांच्या माऱ्यात अनेक अरुंद पट्ट्यांत विभागते, तर आडोशाच्या शांत पाण्यात रुंद आणि कमी फाटलेले राहते. शिवाय थोड्या अधिक खोलीवर वाढणाऱ्या लॅमिनारिया हायपरबोरियाचे पातेही असेच चिरलेले असते. पात्याचा आकार जातीपेक्षा पाण्याच्या जोराविषयीच अधिक सांगतो.

खरी साक्ष देठाची. डिजिटाटाचा देठ गुळगुळीत, लवचीक आणि छेदात लंबगोल असतो, त्यामुळे पाणी ओसरताच तो वाकतो व सगळे शैवाल खडकावर आडवे पडते. हायपरबोरियाचा देठ मात्र खरबरीत, छेदात गोल, बुडाशी जाड व वर निमुळता असून ओहोटीतही ताठ उभा राहतो आणि जोराने वाकवल्यास कट्‌कन मोडतो. त्याच्या खरबरीतपणामुळे लाल शैवालांना त्यावर पाय रोवता येतात, म्हणून तांबड्या झुबक्यांनी झाकलेला देठ लांबूनही ओळखू येतो. कोवळ्या हायपरबोरियाचा देठ गुळगुळीतच असल्याने तेथे ही खूण चालत नाही. अशा वेळी देठाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरून श्लेष्मनलिका, म्हणजे बुळबुळीत द्रव वाहणाऱ्या बारीक नळ्या, पाहाव्या लागतात, कारण डिजिटाटाच्या देठात त्या नसतात. किनाऱ्यावरील जीवांच्या सचित्र पुस्तिकांत पात्याइतकीच जागा देठाच्या या छेदाला मिळायला हवी.

हा काटेकोरपणा केवळ वर्गीकरणाच्या हौसेपोटी नाही. दक्षिणेकडील उबदार पाण्यातल्या लॅमिनारिया ओक्रोल्यूका या जातीची ब्रिटनमधील पहिली नोंद 1946 मध्ये प्लिमथ येथे झाली आणि आता नैर्ऋत्य इंग्लंडच्या काही भागांत ती हायपरबोरियाच्या सोबतीने वाढते. तिचा देठ हायपरबोरियासारखा ताठ, पण डिजिटाटासारखा गुळगुळीत असतो. देठ आणि पाते जुळतात तेथील पिवळसर छटा ही तिची खूण. ती वाढली तरी पाण्याखालचे रान वरून तितकेच दाट दिसते. मात्र तिच्या गुळगुळीत देठावर लाल शैवाले आणि त्यांच्या आश्रयाने जगणारे बारीक प्राणी फारसे टिकत नाहीत, आणि नोंदवहीत निव्वळ 'केल्प' लिहिणाऱ्याच्या हिशेबात ही घट कधीच येत नाही.