वस्तरा, वसवसा आणि तवक्कुल



जुम्माच्या नमाजपूर्वी बडनेऱ्यातील एखाद्या सलूनमध्ये आपण दाढी कोरून घेता. गालावर बारीकसा ओरखडा उमटतो आणि घरी परतल्यावर शंका छळू लागते : ते ब्लेड आधीच्या गिऱ्हाइकाचे तर नव्हते? मग नमाजमध्ये चित्त लागत नाही, मुलांना जवळ घेतानाही हात आखडतो.

ही शंका अगदीच निराधार नाही. हिपॅटायटिस सी या यकृताच्या रोगाचा विषाणू रक्तातून पसरतो. ब्लेड, नेलकटर यांवरील न दिसणारे रक्तही त्यास पुरते आणि त्यावर लस नाही. मात्र एका ताटात जेवल्याने, मुसाफहा केल्याने वा मुलांना कुशीत घेतल्याने तो पसरत नाही.

आदरणीय प्रेषितांनी (स.) शिकविले की, आधी उंट बांधावा, मग अल्लाहवर भिस्त ठेवावी. येथे उंट बांधणे म्हणजे काय? न्हावीबंधूंना नवे ब्लेड लावण्याची नम्र विनंती करणे, घरात प्रत्येकाचे दाढीचे सामान वेगळे ठेवणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने योग्य वेळी रक्त तपासून घेणे. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत शासकीय केंद्रांत तपासणी व उपचार मोफत आहेत. बहुतेक रुग्ण सुमारे १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरे होतात.

एवढे केल्यावरही जी धास्ती उरते, तो वसवसा होय. त्यापासून अल्लाहचा आश्रय मागा. आणि एखाद्या बांधवास हा रोग जडलाच, तर त्याच्याविषयी कुजबुज करू नका. त्याच्या दस्तरख्वानावर जाऊन बसा.

अल्लाह आपणांस सावधगिरी आणि मनःशांती दोन्ही प्रदान करो. आमीन.