पांखरूं आणि साक्ष

वाचकहो, जें डोळ्यांनीं पाहिलें तें सांगणें ही अगदीं सोपी गोष्ट, असें आम्हांस पुष्कळ वर्षें वाटत असे.

गेल्या आश्विनांत कोंकणकिनाऱ्यावरील एका खेड्यास आम्ही जात होतों. बरोबर तेथील उपदेशक बंधु होते. वाळूच्या टेकाडामागें निवडुंग व करवंदीच्या जाळ्या आहेत. तेथें एका वाळक्या फांदीवर निळें पांखरूं बसलेलें दिसलें. आपला नीलपंख, ज्यास चासही म्हणतात, त्याची छाती तपकिरी असून गळ्यावर पांढुरक्या रेघा असतात. याचें डोकें व छाती तर सगळी फिकट निळी! युरोपांत व मध्य आशियांत वीण करणारा दुसरा एक नीलपंख आहे. तो आफ्रिकेस जातां जातां या दिवसांत पश्चिम भारतांत उतरतो, पण कोंकणांत विरळाच दिसतो. तोच हा असावा, असें आमच्या मनानें घेतलें.

खरी खूण पंखांत. आपल्या चासानें पंख उघडले कीं गडद व फिक्या निळ्या रंगाचे पट्टे झळकतात. त्या पाहुण्याचीं उडावयाचीं पिसें काळीं असतात. पांखरूं उडालें, पण सूर्य नेमका आमच्या डोळ्यांवर होता.

रात्रीं वही उघडली तेव्हां "पंख काळे" असें लिहावयास हात शिवशिवला. त्यांत कोणाचें काय बुडणार होतें?

काय बुडतें, तें खानदेशच्या रानपिंगळ्याची हकीकत सांगते. या लहान घुबडाचे नमुने जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्यानें १८८० नंतरच्या वर्षांत तेथें मिळविले. पुढें कर्नल माइनर्ट्झहागेन यानें, आपणांस हाच पक्षी १९१४ सालीं तापीकांठच्या मांडवीस मिळाला, असें लिहून ठेविलें. मोठ्याचा शब्द! त्यानें शोधणाऱ्यांची वाट चुकली. अखेर तपासांत तो नमुना डेव्हिडसनचाच, संग्रहालयांतून चोरलेला, असें ठरलें. ती नोंद बाजूस ठेवून पामेला रासमुसेन व त्यांचे सोबती खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणीं शोधूं लागले, तेव्हां १९९७ च्या नोव्हेंबरांत शहाद्याजवळ तो जिवंत भेटला. १८८४ नंतर ११३ वर्षांनीं!

आम्ही कांहीं चोरी करीत नव्हतों. तो पक्षी खरोखर पाहुणाच असेलही. परंतु खऱ्या गोष्टीस न पाहिलेला पुरावा जोडला तर ती साक्ष खरी राहते काय? आम्हांस वाटतें, राहत नाहीं. वही वाचणारा आमच्या मताचा नव्हे, आमच्या डोळ्यांचा भरंवसा धरतो. आणि त्याची शंका घेण्याची मोकळीक आम्ही त्याच्या नकळत काढून घेतों. पांखरूं कांहीं उलट साक्ष द्यावयास येत नाहीं.

शेवटीं लिहिलें तें असें: "डोकें व छाती निळी. पंख दिसले नाहींत. बहुधा पाहुणा नीलपंख." त्याखालीं उपदेशक बंधूंचें म्हणणेंही, थोडें नाखुषीनेंच, उतरविलें: "पाळकसाहेब, हा तर आपला रोजचाच चास."